मॉर्टसेफला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीवर लेख लिहितेय. तिथे काही थडग्यांवर जाड लोखंडी गजांच्या जाळ्या आहेत, त्यांना 'मॉर्टसेफ' म्हणतात. 'प्रेतपिंजरा' कसा वाटतो?

उत्तर : पिंजरा नको. पिंजरा म्हटला की आतलं बाहेर येऊ नये, हाच अर्थ मनात येतो. या जाळ्यांचे फोटो नेटवर 'भुतं कोंडण्यासाठी' म्हणून फिरतात, त्याला हा शब्द खतपाणीच घालेल. धोका बाहेरून होता. १७५२च्या कायद्याने खुनासाठी फाशी गेलेल्यांची प्रेतं विच्छेदनाला मिळत. पुढे वैद्यकीय शिक्षण वाढलं, तेवढी प्रेतं पुरेनात, आणि नुकतीच पुरलेली प्रेतं रातोरात उकरून विकली जाऊ लागली. कायद्याने प्रेत ही कुणाची मालमत्ता नव्हती, कफन मात्र होती. म्हणून चोर कफन खड्ड्यातच टाकून जात! घरच्यांना सकाळी काय सापडत असेल, विचार करा. मी 'कबरकवच' सुचवेन.

प्रश्नकर्ती : कवच छान. पण कवच कायमचं वाटतं ना?

उत्तर : तसं काही नाही, कवच उतरवताही येतं. इथेही तेच व्हायचं. काही आठवड्यांत प्रेत कुजलं की डॉक्टरांच्या उपयोगाचं राहत नसे. मग मॉर्टसेफ उचलून पुढच्या कबरीवर. बऱ्याच गावांत तो भाड्याने मिळे.

आणखी एक : 'मॉर्टहाउस'साठीही शब्द हवा. स्कॉटलंडच्याच ॲबर्डीनशरमधल्या उड्नी ग्रीन गावी गोल दगडी इमारत आहे, आत फिरता ओटा, त्यावर सात शवपेट्या मावत. प्रेत कुजेपर्यंत तिथे ठेवायचं, मग पुरायचं. ती बांधली १८३२ साली, आणि त्याच वर्षी ॲनाटॉमी कायदा आला. बेवारशी प्रेतं रीतसर मिळू लागल्यावर चोरीचा धंदाच बसला. 'शवागार' म्हटलं तर इस्पितळ डोळ्यांपुढे येतं. 'शवकोठी' चालेल.

प्रश्नकर्ती : आणि चोरांना? कुणीतरी 'मुडदेफरास' सुचवलं.

उत्तर : कृपा करून नको. मुडदेफरास म्हणजे बेवारशी प्रेतांची विल्हेवाट लावणारा, कष्टाचं काम करणारा माणूस. त्याच्या माथी चोरी का मारायची? सरळ 'प्रेतचोर' लिहा. मात्र बर्क आणि हेअर यांना तेही लावू नका. त्यांनी कबरी उकरल्या नाहीत. १८२८च्या सुमारास सोळा जणांचे खून करून प्रेतं शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना विकली. ते खुनीच.