कुत्रीची नसबंदी आधीच झाली आहे का, हे कसे ओळखावे?

प्रश्न : भांडुपकर
मागच्या महिन्यातील मोठ्या पावसात एक तांबूस कुत्री आमच्या जिन्याखाली येऊन बसली आणि आता ती घरातलीच झाली आहे. दातांवरून वय चारेक वर्षांचे वाटते. गळ्यावर पट्ट्याचा वळ आहे, त्यामुळे ती पूर्वी कोणीतरी पाळलेली असावी. तिची नसबंदी झाली आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. एका दवाखान्यात पोट उघडून पाहण्याचा सल्ला मिळाला, परंतु केवळ खात्रीसाठी तिला भूल देणे मनाला पटत नाही. दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर : मुलुंडची मावशी
प्रथम कान पाहावेत. मुंबईत रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी करताना, ती भुलीखाली असतानाच, कानाच्या कडेला खाच पाडतात, म्हणजे तेच जनावर पुन्हा पकडले जात नाही. ही खाच सरळ कापलेली दिसते, तर भांडणात फाटलेल्या कानाची कड वेडीवाकडी असते. मात्र खूण नर-मादी दोघांनाही करतात आणि पाळीव कुत्रीची शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यात झाली असल्यास ती सहसा करत नाहीत. तुमच्या कुत्रीच्या गळ्यावर वळ आहे, तेव्हा कान अखंड असला तरी त्यावरून काहीच ठरत नाही.

उत्तर : पशुवैद्य, परळ
वरील उत्तर योग्य आहे. त्यापुढे टाक्यांचा व्रण शोधावा लागेल आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. लोक बेंबीखालची मधली रेघ तेवढी पाहतात, पण आपल्याकडे अनेक शस्त्रक्रिया कुशीतून, बहुधा उजव्या बाजूने, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधल्या जागेतून होतात, आणि केस वाढल्यावर तो बोटभर व्रण झाकला जातो. म्हणून दोन्ही ठिकाणचे केस काढून, त्वचा ओली करून, चांगल्या उजेडात पाहावे. व्रण सापडला तरी तो सिझेरियनचा किंवा बेंबीच्या हर्नियाचाही असू शकतो. स्तनाग्रे मोठी असणे म्हणजे पूर्वी पिले झाली असावीत, एवढेच. नसबंदी त्यानंतरही झालेली असू शकते.

सोनोग्राफीत माजावर नसलेल्या कुत्रीची अंडाशये सहज सापडत नाहीत, त्यामुळे ‘दिसली नाहीत’ याचा अर्थ ‘नाहीत’ असा घेऊ नये. त्यापेक्षा रक्ततपासणी बरी. अँटी-म्युलेरियन हार्मोन हे संप्रेरक कुत्रीच्या अंडाशयातच तयार होते. ते रक्तात आढळले तर अंडाशय शिल्लक आहे. ल्युटिनायझिंग हार्मोनचीही तपासणी असते. अंडाशय काढल्यावर त्याची पातळी सतत चढी राहते. परंतु माजाच्या काळातही ती थोडा काळ वाढत असल्याने एकाच चढ्या निकालावर विसंबू नये. पोट उघडणे हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे.

भांडुपकर
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. कान अखंड आहे आणि उजव्या कुशीत केस विरळ असलेली एक पुसट रेघ दिसते, पण ती जखमेची की टाक्यांची, हे आम्हाला सांगता येत नाही. तपासणी न करता नुसती वाट पाहिली तर चालेल का?

पशुवैद्य, परळ
चालेल, पण सांभाळून. कुत्री साधारणपणे सहा महिन्यांच्या अंतराने माजावर येते, योनिमुख सुजते आणि आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस रक्तस्राव होतो. काही कुत्र्या तो चाटून स्वच्छ ठेवतात, त्यामुळे फरशीवर डाग नाहीत म्हणजे माज नाही, असे समजू नये. तिच्या बसण्याच्या जागी पांढरी चादर टाकावी. तोवर तिला मोकळे सोडू नये, कारण आपल्या गल्लीत नर कमी नाहीत. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. ही गर्भाशयात पू झाल्याची लक्षणे असतात आणि मग शस्त्रक्रिया सहसा टाळता येत नाही. त्या रेघेविषयी प्रत्यक्ष हात लावून पाहिल्याशिवाय बोलणे योग्य नाही.

भांडुपकर
मग रक्ततपासणीच करून घेतो. शनिवारची वेळ मिळाली आहे.