मालवणी उपाहारगृहात वाइन : कोणती ठेवावी आणि कशी वाढावी?

चिंबोरी : पुण्यात आमचे चाळीस आसनांचे मालवणी उपाहारगृह असून मद्याचा परवाना मिळून वर्ष झाले आहे. बिअर खपते, वाइन मात्र पडून राहते. वितरकाच्या आग्रहाखातर चौदा प्रकार घेतले. त्यांपैकी निम्म्यांच्या बाटल्या अजून उघडल्याही नाहीत, आणि ग्लासने विकण्यासाठी उघडलेली बाटली चवीला उतरल्यामुळे चौथ्या दिवशी ओतून द्यावी लागते. सुरमई, कोळंबी आणि तिखट तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर काय ठेवावे, आणि ग्लासचा भाव कसा ठरवावा?

द्राक्षमळा : चौदा फार झाले, पाच पुरेत. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो, तेच काम सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा आंबटपणा करतो. तिखटाबरोबर मात्र किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन द्यावी, कारण लाल वाइनमधील टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) आणि चढे अल्कोहोल यांमुळे मिरचीची आग वाढते. या दोन्हींची द्राक्षे नाशिक-दिंडोरी भागात पिकतात, त्यामुळे पुरवठ्याची अडचण येऊ नये. यांच्या जोडीला एक रोझे (गुलाबी), एक स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) आणि मटण मागवणाऱ्यांसाठी शिराझ ही एक लाल वाइन असावी.

७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. पहिल्या ग्लासमध्येच बाटलीची खरेदी किंमत वसूल करावी, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे. पण त्यात ओतून दिलेल्या वाइनचा भुर्दंडही गिऱ्हाइकावरच पडतो. नासाडी थांबली तर भाव उतरवता येईल आणि बाटली वेळेत संपेल.

वाढपी : निवडीबद्दल सहमत आहे, परंतु माझ्या अनुभवात वाइन बहुधा तापमानामुळे बिघडते. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे; तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्याच्या एप्रिलात तशी वाढलेल्या शिराझमध्ये अल्कोहोलच तेवढे जाणवते, म्हणून तीही वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरीला ८ ते १० अंश योग्य. बादलीत नुसता बर्फ भरू नये. निम्मे पाणी घातले, तरच गारवा बाटलीला सगळीकडून लागतो.

ग्लास तिसरा हिस्साच भरावा. यजमानाला पहिला घोट देतात तो पसंतीसाठी नव्हे, दोष तपासण्यासाठी : भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती बाटली निमूटपणे बदलून द्यावी. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत कॉर्कचा हा दोष सहसा नसतो, तेव्हा वेटरने झाकण हुंगण्याचा सोहळा करू नये.

उघडलेल्या बाटल्या तुम्ही कुठे ठेवता?

चिंबोरी : काउंटरवर, कॉफीच्या यंत्राशेजारी. गिऱ्हाइकांना दिसाव्यात म्हणून.

वाढपी : मग चौथा दिवस उजाडतो हेच नवल! दाखवायला रिकाम्या बाटल्या मांडा. उघडलेली बाटली, लालसुद्धा, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, तिच्यावर तारीख चिकटवा आणि तिसऱ्या दिवशी उरलेली स्वयंपाकघरात द्या. स्पार्कलिंग मात्र ग्लासने विकूच नका.

द्राक्षमळा : त्याऐवजी तिची लहान बाटली ठेवता येईल; दोघांच्या टेबलाला ती पुरते.