जुना फ्लॅट विकण्याआधी आधी रंग की आधी ओल?

प्रश्न | ओटाआणिकट्टा
कोथरूडमधला 1998 सालचा टू बीएचके विकायचा आहे. भिंतींना डिस्टेंपर. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत पोपडे आलेत. सिंकखाली कुबट वास. रंगारी म्हणतो, पुट्टी मारून आठवड्यात चकाचक करून देतो. बजेट लाखभर. मॉड्युलर किचनही करून घ्यावं का?

नळदुरुस्ती
पुट्टीला आत्ता हात लावू नका. ओल चालू असेल तर पाण्याबरोबर क्षार बाहेर येतात आणि नवा रंग फुगतो. शिवाय एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की घेणारा तिथेच नख लावून बघतो.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बेडरूमच्या भिंतीवर ओलीची कड पेन्सिलने आखा. नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) घट्ट बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी 24 तास साठवा. खालच्या मजल्यावरच्यांना त्यांचं छतही बघायला सांगा. कड वर सरकली किंवा खाली डाग आला, तर दोष फरशीच्या सांध्यात नाहीतर ट्रॅपच्या कडेला. काहीच बदललं नाही, तर भिंतीतल्या पाइपची हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या.

सांधे गळत असतील तर जुनं ग्राउट (टाइलांमधल्या फटीतलं भरण) दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा, पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी ग्राउट भरा. मिस्त्री नुसतं पांढरं सिमेंट भरू पाहतो. ते आकसून पुन्हा चिरतं. इपॉक्सी थोडं थोडंच कालवा, लवकर आवळतं. टाइलवर सांडलेलं ओलं असतानाच पुसा, नंतर निघता निघत नाही. ट्रॅपची कड मोकळी झाली असेल, तर मात्र तेवढी फरशी उचलावीच लागते.

रंगकाम_पुणे
गळती थांबल्यावर पोपड्याचं प्लास्टर ओलीच्या कडेच्या फूटभर वरपर्यंत, थेट विटेपर्यंत काढा. नव्या प्लास्टरवर सात दिवस पाणी मारा, मग वाळू द्या. पुट्टीआधी महिनाभर तरी धरा, म्हणजे आठवड्याचं गणित तसंही बसत नाही.

बाकी भिंतींचं डिस्टेंपर पाणी मारून खरवडायलाच हवं. त्याच्यावर थेट इमल्शन (प्लास्टिक पेंट) मारलं तर डिस्टेंपरसकट पापुद्रे सुटतात. पुट्टीचे दोन हात, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आत. मग प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात. रंग ऑफव्हाइट ठेवा.

नळदुरुस्ती
वासाचं राहिलं. सिंकचा वेस्ट पाइप बहुतेक ठिकाणी ड्रेनच्या भोकात नुसता खुपसलेला असतो. बॉटल ट्रॅप (सिंकखालची बाटलीसारखी वाटी, तिच्यात साठलेलं पाणी वास अडवतं) बसवा आणि पाइपभोवतीची फट रबरी रिंगने बंद करा. झुरळंही त्याच वाटेने येतात.

कागदपत्रवाला
मॉड्युलर नको. घेणारा आपल्या पसंतीने तोडूनच टाकतो, तुमचा खर्च भावात उतरत नाही. त्यापेक्षा फाइल लावा: आधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून आधीच्या मालकाचंच नाव नाही ना, हे आजच बघा. घेणाऱ्याची बँक तिथेच अडते.