एअर पिस्तुलाचा ट्रिगर 500 ग्रॅमला नापास होतोय, कुठला स्क्रू फिरवू?

जालना_10मीटर
नमस्कार मंडळी. दोन टप्प्यांचा मेकॅनिकल ट्रिगर आहे. सामान तोलायच्या टांगत्या काट्यावर 505 ग्रॅम येतात, पण स्पर्धेच्या तपासणीत 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून उचलतानाच खटका सुटतो. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, स्टॉप (ट्रिगर मागं थांबवणारा) आणि सिअर (खटका अडवून धरणारा भाग) असे चार स्क्रू आहेत. सिअरचा थोडा आवळला तर काम होईल का? विभागीय स्पर्धा तोंडावर आलीय.

परभणी_शूटर
दादा, सिअरच्या स्क्रूला अजिबात हात लावू नका. सिअरची पकड किती हे कारखान्यात ठरलेलं असतं. ती कमी पडली तर पिस्तूल नुसत्या धक्क्यानं सुटतं. जास्त झाली तर ट्रिगर ओढताना खरखर लागते आणि नेम हलतो. वजन वाढवायला स्प्रिंगचे स्क्रू आहेत.

तुमचा घोळ मोजण्यात आहे. तो काटा 5-10 ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, शिवाय हातानं ओढताना कोन बदलतो. तपासणीत नळी सरळ वर धरतात आणि सपाट जागेवर ठेवलेलं 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवून उचलतात. हवेचा दाब भरलेला हवा, म्हणजे पिस्तूल खरोखर फायर करायच्या स्थितीत. संधी जास्तीत जास्त तीन. घरीही तसंच करा. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून दोरीसकट बरोबर 520 ग्रॅम करा, ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून घ्या. छर्रा न घालता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून बाटली सावकाश उचला. झटका दिला की जोर बाटलीच्या वजनाच्या वर जातो आणि चांगला ट्रिगरही सुटतो.

नांदेड_रेंज
वरचं सगळं बरोबर. त्यात क्रमाचं सांगतो, कारण बहुतेकांचं तिथंच बिघडतं.

आधी ट्रिगरचं पातं, म्हणजे बोट टेकतं तो भाग, हवं तिथं बसवून घट्ट करा. ट्रिगर ज्या खिळीवर फिरतो तिच्या जवळ पातं सरकवलं की वजन वाढतं, लांब नेलं की कमी होतं. म्हणून वजन सेट करून नंतर पातं हलवलं तर सगळी मेहनत वाया.

मग पहिला टप्पा. एकूण वजनाचा मोठा वाटा इथं ठेवा, समजा 350 ते 400 ग्रॅम. उरलेलं दुसऱ्यावर. दुसरा टप्पा फार हलका ठेवला तर भिंत, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होताना लागणारा अडथळा, बोटाला कळतच नाही आणि नवखा खेळाडू न ठरवता गोळी सोडतो. स्क्रू एका वेळी एकच, तोही पाव फेरा. फिरवण्याआधी मार्करनं रेघ मारून ठेवा. कुठल्या बाजूला फिरवलं की वजन वाढतं हे मॉडेलप्रमाणे बदलतं, माहितीपुस्तिका बघाच. प्रत्येक बदलानंतर बाटली पाच वेळा उचला. पाचही वेळा पेलली पाहिजे. चारदा पेलली म्हणजे पास नव्हे.

जालना_10मीटर
आभारी आहे. स्टॉपचं काय करू? आणि महिन्याभरापूर्वी बरोबर असलेलं वजन आपोआप कमी कसं झालं?

परभणी_शूटर
स्टॉप शेवटी. खटका सुटल्यावर ट्रिगर अजून अगदी किंचित मागं जाईल इतकी जागा ठेवा. फार जवळ आणलात तर कधी फायर होईल, कधी अडेल.

वजन कमी व्हायची कारणं म्हणजे स्क्रू ढिला पडणं, स्प्रिंग बसणं किंवा सिअरवर तेल जाणं. तेलानं घर्षण घटतं, खटका लवकर सुटतो. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ आहे, ती तेलात चिकटली की वजन एकदा कमी, एकदा जास्त येतं. सिअरवर तेल टाकू नका. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं काढा, आतलं उघडायचं असेल तर जाणकार आर्मररकडं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडं द्या.

नांदेड_रेंज
एक राहिलं. स्पर्धा संपल्यावरही निवडक खेळाडूंची तपासणी होते आणि तिथं कमी भरलं तर थेट अपात्र. 60 शॉटची मेहनत जाते. म्हणून 500 वर नेमकं न ठेवता 520 ची बाटली पेलेल इतकं ठेवा, बोटाला फरक जाणवत नाही. आणि मे महिन्यात पिस्तुलाचं हवेचं सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका, 200 बारचा दाब असतो त्यात. त्यावरची मुदतही तपासून घ्या.