काळ्या जमिनीच्या गावात सांडपाण्याचे काय करावे?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, पलूस तालुका
नमस्कार. आमचे गाव कृष्णाकाठी, सुमारे २,४०० लोकवस्तीचे आहे. घरोघरी नळ आल्यापासून गटारी बारमाही वाहतात आणि ते सारे पाणी ओढ्यातून थेट नदीला मिळते. काही घरांपुढे घेतलेले शोषखड्डे पहिल्याच पावसाळ्यात तुंबले. आता एका ठेकेदाराने मोटारीने हवा सोडणारा तयार प्रकल्प सुचविला आहे. ओढ्यालगत पंचायतीची वीस गुंठे जागा आहे. ग्रामसभेपुढे कोणता पर्याय ठेवावा?

उत्तर : निवृत्त शाखा अभियंता, सातारा
पर्याय निवडण्याआधी किती घरांच्या सेप्टिक टाकीचे पाणी गटारीत सोडले आहे, याची घरोघर पाहणी करा. त्या पाण्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी शिल्लक असतात. ते मिसळले की न्हाणीघर-स्वयंपाकघराचे पाणीही मैलापाणीच समजावे लागते आणि प्रक्रियेचा खर्च वाढतो.

शोषखड्डे तुंबले यात बांधकामाचाच दोष असेल असे नाही. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरायचे थांबते. त्यातच नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येते. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून दीड-दोन मीटर तरी वर हवा, आणि तुमच्याकडे ते जमणे कठीण दिसते.

दरडोई ५५ लिटर धरल्यास रोजचा पुरवठा १,३२,००० लिटर होतो; त्यातील तीन चतुर्थांश गटारीत आले, तरी सुमारे एक लाख लिटर पाणी हाताळावे लागेल. वीस गुंठ्यांत जाळी, गाळटाकी, आत उभे पडदे घातलेली बंद टाकी, मग कर्दळ आणि पाणकणीस लावलेले सुमारे ६० सेंटिमीटर खोल खडीचे वाफे आणि शेवटी उथळ तळे, अशी रचना उताराच्या जोरावर विजेशिवाय चालू शकते. वाफ्यांचे क्षेत्र मात्र पाण्याची तपासणी करूनच ठरवावे. हवेवर चालणाऱ्या प्रकल्पातले जिवाणू वीज बराच काळ खंडित झाली की मरू लागतात, म्हणून लहान गावाला तो मी सुचविणार नाही.

उत्तर : माजी सरपंच, खटाव तालुका
आमच्या मुरमाड जमिनीत शोषखड्डे चांगले चालतात, पण त्यांच्या आधीच्या गाळकुंडीत केस, शिळे अन्न आणि साबणाची चिकट साय जमते, आणि ती दर आठवड्याला काढावी लागते. जाळी कोण साफ करणार आणि त्याचे मानधन कोठून देणार, हे ठरावातच लिहा. बहुतेक कामे इथेच फसतात.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपयांपर्यंत तरतूद होती, म्हणजे तुमच्या गावाला ६,७२,००० रुपये. त्यातला ७० टक्के वाटा मिशनचा आणि ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाचा. आजची स्थिती पंचायत समितीत विचारून घ्या. पुढच्या वीजबिलाचा भार मात्र पंचायतीवरच येतो.

उत्तर : ऊस उत्पादक, मिरज तालुका
प्रक्रिया केलेले पाणी नदीत सोडायचे असल्यास त्याची बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागते, तर शेतीला १०० पर्यंत चालते. तरीही साबण आणि धुण्याच्या सोड्यातले सोडियम काळ्या जमिनीत साठत जाते, आणि आपल्याकडे क्षारपड रानांचे दुखणे आधीच मोठे आहे. म्हणून क्षारांची तपासणी करून, निचरा असलेल्या रानातच, ऊस किंवा हत्तीगवताला हे पाणी द्यावे. मेथी-कोथिंबिरीला देऊ नये.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. वॉर्डनिहाय पाहणी आधी लावून घेतो. साहेब, भूजलाची पातळी कोणत्या महिन्यात मोजावी?

निवृत्त शाखा अभियंता
पावसाळा संपता संपता, जागेजवळच्या विहिरीत. उन्हाळ्यातले माप घेऊन आराखडा करू नका.