मदत हवी आहे : अपंगत्वासह जगणाऱ्या मुलांच्या गोष्टी

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील एका खेड्यात मी शाळेचे छोटेसे वाचनालय सांभाळते. पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत कुबड्या भिंतीला टेकवून पुस्तकांच्या पेटीजवळ बसते. परवा एक गोष्ट संपवून तिने विचारले, "मॅडम, गोष्टीतली अशी मुलगी शेवटी नेहमी बरी कशी होते जी?" मला उत्तर देता आले नाही.

आमच्या पेटीतील अशी पात्रे एकतर दयेचा विषय असतात, नाहीतर अचाट पराक्रम करतात. खोड्या काढणारे, मैत्रिणीशी भांडणारे, गृहपाठ विसरणारे साधे मूल त्यांत सापडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अपंगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही समावेश आहे आणि आमच्या भागात हा आजार बराच आढळतो, परंतु त्याचे दुखणे बाहेरून दिसत नसल्यामुळे वारंवार गैरहजर राहणारा मुलगा वर्गाला आळशी वाटतो. म्हणून त्यावरची गोष्ट मला सर्वांत आधी हवी आहे.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतः वाचता येतील अशी मराठी पुस्तके, मूळ किंवा अनुवादित, आपल्या माहितीत असल्यास कृपया नाव आणि प्रकाशक कळवावे. आपल्याकडील मुलांनी ते वाचून काय विचारले, हेही अवश्य लिहावे.