पट्टा पडल्यावर टर्बाइन फिरवायचं का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता):

वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यात मी टर्बाइनवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. परवा सभासदांच्या बैठकीत मागणी झाली की पट्टा पडला, म्हणजे हंगामाचं गाळप संपलं, तरी शिल्लक बगॅस (रस काढलेल्या उसाचं चिपाड) आणि गरज पडली तर विकतचा कोळसा जाळून सहवीज प्रकल्प (एकाच इंधनातून वीज आणि वाफ दोन्ही देणारा) बारा महिने चालवावा. टाळ्याही पडल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही.

एक टन उसातून साधारण 280 किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. आमच्या सुरुवातीच्या काळात बॉयलर 21 किलो दाबाचे (चौरस सेंटीमीटरला); दाब जास्त तर त्याच बगॅसमधून वीज जास्त. वीज कारखान्यापुरती, वाफ कारखान्यापुरती, आणि उरलेला बगॅस कुठे ठेवायचा हीच चिंता. 2002 साली राज्य वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेला दर ठरवून दिला, 13 वर्षांच्या कराराची सोय झाली, आणि मग आपल्याकडे 67, 87, 110 किलोचे बॉयलर दिसू लागले.

आता मुद्द्याचं. 110 किलो दाबाची, 540 अंशांची वाफ टर्बाइन फिरवून दीड किलो दाबावर बाहेर येते. तिच्यातली उष्णता अजून शाबूत असते. तीच वाफ रस तापवते, आटवते, पॅनमध्ये साखर शिजवते. पॅनवाला काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात दाणा बघतो, तो दाणा या एकदा वापरलेल्या वाफेवर वाढलेला असतो. म्हणून इंधनातली 70 टक्क्यांहून जास्त ऊर्जा कामी येते. नुसत्या कोळशाच्या वीज केंद्रात ती 35 टक्क्यांच्या आसपास असते.

ही युक्ती जुनी आहे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट केंद्र 1882 मध्ये सुरू झालं, तिथली वाफ शेजारच्या इमारतींना जायची. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सबर्गला 1903 पासून कचरा जाळून रुग्णालयाला वीज आणि ऊब दोन्ही दिली गेली. त्यांच्याकडे उष्णतेचं गिऱ्हाईक थंडी, आपल्याकडे साखर. पट्टा पडला की आपलं गिऱ्हाईक गेलं. मग वाफ कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या यंत्रात) आणि उष्णता कूलिंग टॉवरवरून आभाळात. मे महिन्यात त्या टॉवरखाली उभं राहून बघा, अंगावर गरम तुषार येतात. ते आपलं इंधन असतं.

ताळेबंद:

दादा, तांत्रिक बाजू मान्य. पण कर्जाचा हप्ता पट्टा पडल्यावर थांबत नाही. गाळप चार-पाच महिन्यांचं, व्याज बारा महिन्यांचं. सुरुवातीच्या करारांची मुदत संपलेल्यांना आता निविदेतला दर घ्यावा लागतो, तोही पूर्वीसारखा राहिला नाही. 2024 मध्ये सरकारला युनिटमागे दीड रुपया अनुदान द्यावं लागलं, यावरून ओळखा. अशा वेळी यंत्र सात महिने झाकून ठेवणं कुठल्या बँकेला पटेल? कार्यक्षमता कमी असू दे, युनिटमागे चार पैसे सुटत असतील तर चालवलंच पाहिजे.

उसाचा_बांध (तासगाव):

दोघेही कारखान्याच्या बाजूने बोलताय. मी ऊस घालणारा. 2013 च्या ऊस दर कायद्यात 70:30 चं सूत्र आहे, म्हणजे उत्पन्नातले 70 टक्के ऊसवाल्याला, 30 कारखान्याला; त्या उत्पन्नात साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) धरतात. बगॅस धरतात, त्यापासून झालेली वीज धरत नाहीत. आमच्या कारखान्याने बगॅसचा भाव किती लावला हे विचारलं तर तीन सभांत उत्तर मिळालं नाही. माझ्या उसाचं चिपाड, आणि भाव कुणी ठरवला ते मलाच माहीत नाही! आधी हा हिशेब सभासदांसमोर ठेवा, मग बारा महिने चालवा नाहीतर दोन महिने. कागद कारखान्यांना बगॅस विकून जास्त पैसे येत असतील तर हंगामानंतर जाळायचाच कशाला?

जतचा_माणूस:

तुम्ही पाण्याकाठची माणसं. आमच्याकडे म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उपसून येतं आणि वीजबिल थकलं की आवर्तन (पाण्याची पाळी) लांबतं. आमची तहान एप्रिल-मेची. सौर वीज दिवसा मिळते, रात्री पंप कशावर चालायचे? कोयनेला पश्चिमेकडे वीज करायला 67.5 टीएमसीचीच मर्यादा, आणि उन्हाळ्यात तेच पाणी कृष्णेतून खाली हवं असतं. कृष्णाकाठच्या बगॅसवर आमचे पंप चालले तर थोडी उष्णता वाया गेली म्हणून माझं मन दुखणार नाही.

कराडकरीण:

आमच्या घरापासून कारखान्याची एक चिमणी दिसते. हंगामात गच्चीवर कुरडयांचं कापड पसरलं की दुपारपर्यंत त्यावर काळे तंतू, हात लावला की फिसकटतात. चार महिने सोसतो, कारण घरचाही ऊस तिथेच जातो. बारा महिने आणि त्यात कोळसा, हे नाही चालणार. धूळ अडवणारी यंत्रणा रात्रीसुद्धा चालू असते का, हे आधी कुणीतरी सांगा.

पॅनवरचा:

कृष्णाकाठ दादा, एक गिऱ्हाईक तुम्ही विसरलात. डिस्टिलरी! इथेनॉलसाठी ती पट्टा पडल्यावरही चालते आणि तिला वाफ लागतेच. टर्बाइन बंद ठेवलं तर बॉयलरची उंच दाबाची वाफ व्हॉल्व्हमधून दाब उतरवूनच तिला द्यावी लागते, आणि तिच्यातून होणारी वीज फुकट जाते.

कृष्णाकाठ:

पॅनवरचा, बरोबर आहे, मी डिस्टिलरी धरली नव्हती. तिला जेवढी वाफ लागते तेवढ्यापुरतं टर्बाइन चाललं तर माझी हरकत नाही, कारण तिथे उष्णता वापरली जाते. माझा विरोध कंडेन्सरवर पूर्ण भार घेण्याला आणि विकतच्या कोळशाला आहे. कराडच्या ताई, धूळ पकडणारी ईएसपी यंत्रणा चालवायला वीज लागते, आणि ती रात्री बंद ठेवल्याचं मी स्वतः बघितलंय. तेव्हा बोललो नाही, बोलायला हवं होतं.

जतच्या भाऊंना मात्र अजून सांगावंसं वाटतं. बगॅसचा साठा करून ठेवला तर एप्रिल-मेचे काही आठवडे निघतात, त्याला मी हो म्हणेन. त्यापुढे कोळसा जाळून पाणी उपसायचं, तर तोच कोळसा मोठ्या केंद्रात जाळणं स्वस्त पडेल.

जतचा_माणूस:

मोठ्या केंद्राची वीज आमच्यापर्यंत पोचते, बिल भरायला पैसे पोचत नाहीत. तुमच्या काही आठवड्यांचा दर किती, आणि म्हैसाळच्या बिलातून किती वजा होईल, एवढं पुढच्या बैठकीत मांडाल का? मी तिथे येतो.